पॅडिंग्टनचा फलाट क्रमांक १ आणि पत्र वाचणारा शिपाई

पॉइंट्समनची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

रेडिंग ते लंडन पॅडिंग्टन हा माझा सहा वर्षांचा रोजचा प्रवास. उतरलं की लोंढ्याबरोबर भुयारी रेल्वेकडे चालू पडायचं, संध्याकाळी परतीची गाडी गाठायची. या स्टेशनात थांबून काही बघावं इतकी उसंत कधी मिळाली नाही. मागच्या मे महिन्यात एका रविवारी लेकाला घेऊन गेले, कारण त्याला तिथल्या गोष्टीतल्या पॅडिंग्टन अस्वलाच्या पुतळ्याशेजारी फोटो काढून हवा होता. फलाट क्रमांक १ वर जुन्या घड्याळाखाली ते अस्वल आहे, पोरांची रांग लागलेली असते. फोटो झाला, आम्ही निघालो, आणि लेकाने माझा हात ओढला. "आई, तो काका काय वाचतोय?"

तो काका म्हणजे ब्राँझचा एक शिपाई. फलाटाच्या भिंतीला लागून, उंच चौथऱ्यावर उभा. डोक्याला लोखंडी टोप, खांद्यावर नुसता टाकलेला जाड ओव्हरकोट, गळ्यात हाताने विणलेला मफलर. विणीचे टाकेसुद्धा दिसतात. मान खाली घालून तो पत्र वाचतोय. हातात बंदूक नाही, समोर शत्रू नाही. घरून आलेलं पत्र आहे आणि ते वाचून संपेपर्यंत त्याला कुणी हाक मारू नये, असं बघणाऱ्याला वाटतं.

मी त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेले असेन.

हे ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचं युद्धस्मारक. पहिल्या महायुद्धात या एका कंपनीतून २५,४७९ माणसं सैन्यात गेली, म्हणजे साधारण तीन कामगारांमागे एक. त्यातली २,५२४ परत आली नाहीत. ११ नोव्हेंबर १९२२ रोजी, युद्ध थांबल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, कंपनीचे अध्यक्ष व्हायकाउंट चर्चिल यांनी स्मारकाचं अनावरण केलं. सहा हजारांहून जास्त लोक स्टेशनात जमले होते. (हे चर्चिल वेगळे, पंतप्रधान झालेले नव्हेत.)

मी नावं शोधत होते. चौथऱ्याला फेरी मारून झाली, नावं काही दिसेनात. मग वाचल्यावर कळलं की २,५२४ नावांची यादी एका पेटीत बंद करून चौथऱ्याच्या आत ठेवली आहे, आणि ती पेटी कंपनीच्या स्विंडनच्या कारखान्यात बनवली होती. ज्या कारखान्यात इंजिनं घडायची, तिथल्याच हातांनी आपल्या सोबत्यांच्या नावांसाठी पेटी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिलालेखात भर पडली. आता तिथे दोन्ही युद्धांचा मिळून ३,३१२ स्त्री-पुरुषांचा आकडा आहे.

शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर. हा स्वतः लढाईवर होता. तुर्कस्तानात गॅलिपोलीला गोळी लागली, नंतर पश्चिम आघाडीवर पुन्हा जखमी झाला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. ओला ओव्हरकोट खांद्याला किती जड होतो हे त्याला कुणी सांगावं लागलं नसणार.

आता मी हे एवढं का लिहिते आहे ते सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ३१ वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होते. आमचं गाव मोठ्या जंक्शनचं. दोन डब्यांच्या मधे वाकून शिरायचं, कपलिंग अडकवायचं, बाहेर यायचं आणि बत्ती दाखवायची. मी सात-आठ वर्षांची असताना पावसाळ्यातल्या एका रात्री त्यांचा कामावरचा जोडीदार दोन डब्यांच्या बफरमधे चिरडून गेला. खंडेनवमीला लोको शेडमधे इंजिनांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा चढायच्या. अण्णा दरवर्षी घरून एक माळ जास्तीची न्यायचे आणि यार्डातल्या एका पॉइंटच्या लिव्हरला घालून यायचे. असं का, ते मला पुष्कळ उशिरा आईने सांगितलं. तिथे कसली पाटी नव्हती. ती जागा फक्त अण्णांना ठाऊक होती, आणि अण्णाही आता नाहीत.

त्या शिपायासमोर उभी होते तेव्हा मला ती माळ आठवत होती. हा पुतळा सेनापतीचा नाही, राजाचा नाही. हमाल, कारकून, गँगमन, केबिनमन, इंजिन पुसणारी पोरं यांचा आहे, आणि उभा आहे तो त्यांच्याच कामाच्या जागी, जिथे गाड्या अजून सुटतात.

तुमच्यापैकी कुणी अशी रेल्वे कामगारांची स्मारकं पाहिली आहेत का? जरूर लिहा.

जुना फायरमन

ताई, छान लिहिलंत. मी वाफेच्या इंजिनावर काम केलेला माणूस, म्हणून "इंजिन पुसणारी पोरं" या तीन शब्दांवर थोडं लिहितो.

इंग्लंडात काय आणि आपल्याकडे काय, ड्रायव्हर व्हायची शिडी एकच होती. आधी क्लीनर. हातात तेलात भिजलेली सुती वेस्ट (सुताचा गुंता) घ्यायची आणि चाकं, रॉड, बॉयलरचं अंग पुसत बसायचं. मग फायरमन, मग शंटिंगचा ड्रायव्हर, मग मालगाडी, आणि केस पांढरे व्हायला लागले की मेल-एक्सप्रेस. क्लीनर म्हणजे सोळा ते वीस-बावीस वर्षांचा पोरगा. लढाईवर जायचं ठरलं की पहिल्यांदा नाव द्यायला हीच वयं पुढे. त्या २,५२४ मधले कितीतरी जण इंजिन चालवायला फूटप्लेटवर कधी चढलेच नसतील. चढायची वाट बघत होते.

उत्तरेची वाट

मी यॉर्कला असते. आमच्याकडे नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं स्मारक आहे, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, शहराच्या जुन्या तटबंदीला लागून. २,२३६ नावं, आणि ती सगळी दगडात कोरलेली, उघड्यावर. वास्तुकार एडविन लुट्येन्स. दिल्लीचं इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवन ज्याचं, तोच. डर्बीचं मिडलंड रेल्वेचं स्मारकही त्याचंच, तिथे २,८३३ माणसांची आठवण आहे. उंच खांबावर आडवा निजलेला शिपाई, अंगावर ओव्हरकोट पांघरलेला. खालून त्याचा चेहरा दिसत नाही. कुणाच्याही घरचा असू शकतो.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या काळी इंग्लंडमधे शंभराहून जास्त खाजगी रेल्वे कंपन्या होत्या. १ जानेवारी १९२३ पासून कायद्याने बहुतेकांच्या मिळून चार मोठ्या कंपन्या केल्या. स्मारकं उभी राहिली ती साधारण १९२१ ते १९२४ या काळात. म्हणजे कितीतरी कंपन्यांनी स्वतः मिटण्याच्या तोंडावर हे एक काम पुरं केलं. आमच्या यॉर्कच्या स्मारकाचं अनावरण फील्ड मार्शल प्लुमर यांनी १४ जून १९२४ ला केलं. तेव्हा नॉर्थ ईस्टर्न रेल्वे नावाची कंपनी उरलीच नव्हती. ग्रेट वेस्टर्नने मात्र आपलं नाव राखलं.

आणि यॉर्क स्टेशनातच एक छोटी पाटी आहे, तीही बघावी. २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे जर्मन विमानांनी यॉर्कवर बॉम्ब टाकले. स्टेशन पेटलं. विल्यम मिल्नर नावाचे स्टेशनचे फोरमन जखमींसाठी प्रथमोपचाराची पेटी आणायला जळत्या इमारतीत शिरले आणि तिथेच गेले. मी गाडीची वाट बघताना ती पाटी बऱ्याचदा वाचते.

शंकेखोर

एक प्रामाणिक प्रश्न. रेल्वे चालली नाही तर युद्धच चालणार नाही. मग रेल्वेच्या इतक्या माणसांना जाऊ कसं दिलं? आपल्याकडे तर रेल्वे ही अत्यावश्यक सेवा मानतात.

वाटसरू

@शंकेखोर, तुमचा प्रश्न तेव्हाच्या सरकारलाही पडला होता. ऑगस्ट १९१४ मधे युद्ध जाहीर झालं त्याच वेळी सरकारने रेल्वेचा ताबा घेतला. चालवायच्या कंपन्यांनीच, पण सैन्याच्या गाड्यांना आधी रस्ता. तरीही पहिल्या लाटेत माणसं भराभर गेली. अख्ख्या ब्रिटनमधून १ लाख ८० हजारांच्या वर रेल्वे कामगार सैन्यात गेले, लढायच्या वयाच्या माणसांपैकी जवळजवळ निम्मे. मग गाड्या चालवायला माणूस पुरेना, तेव्हा भरतीवर बंधनं आली. मागे राहिलेल्यांना कंपनीचा बिल्ला देत, कोटाला लावायला. नाहीतर धडधाकट तरुण गावात दिसला की लोक त्याला भित्रा ठरवायचे. त्यांच्या जागी बायका आल्या. रेल्वेतल्या स्त्रिया युद्धाआधी १३ हजार होत्या, शेवटी ६८ हजारांच्या वर गेल्या.

शिवाय गेलेल्यातले पुष्कळ जण तिकडेही रेल्वेच चालवत होते. फ्रान्समधे सैन्याची वेगळी रेल्वे तुकडी होती. ग्रेट वेस्टर्नची डीन गुड्स जातीची ६२ इंजिनं तिकडे गेली. माणूस तोच, इंजिन तेच, फक्त सिग्नलच्या जागी तोफा.

आता लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबद्दल, मी रोज तिथून जातो. तिथे ग्रेट ईस्टर्न रेल्वेचा मोठा संगमरवरी फलक आहे, अकराशेच्या वर नावांचा. २२ जून १९२२ ला दुपारी फील्ड मार्शल हेन्री विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं. कार्यक्रम आटपून गणवेशातच घरी परतले आणि ईटन प्लेसमधल्या स्वतःच्या दाराशी दोन आयरिश बंडखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा फलक उघडून आलेला माणूस तासा-दोन तासात स्वतः गेला. आता त्याच फलकाखाली त्यांची छोटी आठवण बसवली आहे.

शेजारी तिसरी आठवण आहे, ती मला सर्वात जवळची. कॅप्टन चार्ल्स फ्रायट. हे रेल्वेचे कर्मचारी, पण बोटीवरचे. तेव्हा रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या आगबोटी असत, हॉलंडपर्यंत जाणाऱ्या. मार्च १९१५ मधे त्यांच्या ब्रसेल्स बोटीला जर्मन पाणबुडीने थांबायला सांगितलं. थांबण्याऐवजी त्यांनी बोट सरळ पाणबुडीवर घातली आणि निसटले. सरकारने सोन्याचं घड्याळ दिलं, त्यावर त्या पराक्रमाचा उल्लेख कोरून. पुढच्या वर्षी जून महिन्यात बोट पकडली गेली आणि जर्मनांना ते घड्याळ सापडलं. सैनिक नसताना लढलास, असा आरोप ठेवून २७ जुलै १९१६ ला ब्रूझ गावात त्यांना गोळ्या घातल्या. बक्षिसाच्या घड्याळानेच घात केला. लिव्हरपूल स्ट्रीटवरचा त्यांचा फलक इंग्रजांनी केलेला नाही, तो हॉलंडच्या लोकांनी दिला. ते त्या युद्धात कुणाच्याच बाजूचे नव्हते.

सीनकाठी

थोडं अवांतर. पॅरिसला गार द लेस्त स्टेशनच्या दालनात एक प्रचंड तैलचित्र आहे, १९१४ च्या ऑगस्टमधे आघाडीवर निघालेल्या सैनिकांच्या गाडीचं. आल्बर्ट हर्टर या अमेरिकन चित्रकाराचा मुलगा १९१८ मधे फ्रान्समधे कामी आला. त्याने हे चित्र काढून १९२६ मधे फ्रान्सला भेट दिलं. डब्याच्या दारात हात उंचावून उभा असलेला पोरगा म्हणजे तोच मुलगा. खाली आजही लोक बॅगा ओढत गाडी शोधत असतात.

मध्यममार्गी

सगळं वाचलं, मन हललं. तरीही एक बोलतो. हे सगळं त्यांच्या साम्राज्यासाठी होतं. त्यांच्या हमालाचं नाव पेटीत जपून ठेवलंय. त्याच साम्राज्यासाठी आपली माणसं मेली, त्यांचं काय?

माणगंगाकाठचा

@मध्यममार्गी, तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातली ४६ माणसं कामी आली. इंग्रजांनी गावात स्मारक उभं केलं. असे संगमरवरी फलक आपल्याकडे अजून कितीतरी गावांत सापडतील, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेले. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. गावाचं नाव आणि दोन आकडे.

आता इराकचं बघा. इंग्रजांच्या हिंदी फौजेची ६ वी पुणे डिव्हिजन कूत अल अमारात अडकली आणि उपासमारीने २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिथे रसद पोचवायला रेल्वे हवी होती. बसऱ्यापासून रूळ टाकले ते हिंदुस्थानातून नेलेल्या मीटरगेजच्या सामानाने, आणि राबले ते बहुतांशी आपल्याकडचे मजूर आणि सॅपर्स, म्हणजे लष्करातले बांधकामाचे शिपाई. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलंय. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलंय. साध्या हिंदी शिपायाचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे.

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच २०२१ मधे चौकशीचा अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही, खरा आकडा याहून बराच मोठा असू शकतो, असं त्यात लिहिलं आहे.

म्हणून मला पॅडिंग्टनच्या हमालाच्या नावाचा राग येत नाही. त्याचं नाव त्याच्या कंपनीने जपलं हे बरोबरच केलं. तेच आमच्या माणसांना का नाही, हे मला विचारायचं आहे, आणि असा प्रश्न विचारायला ती पेटीच उपयोगी पडते.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममधे आगबोटींवरच्या आपल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातले दोन हजारांहून जास्त, दुसऱ्यातले सहा हजारांहून जास्त, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही असे. तिथे नावं आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन वाचावीत.

मध्यममार्गी

@माणगंगाकाठचा, पटलं. मशीद बंदरला इतकी वर्षं घाऊक बाजारात जातोय, हे ठाऊक नव्हतं. या शनिवारी जातो.

पॉइंट्समनची लेक

माणगंगाकाठचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यात एक धागा जोडते. पत्र वाचणारा शिपाई करणाऱ्या जॅगरनेच सुएझच्या कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट तौफिकला, हिंदी सैनिकांच्या स्मारकासाठी दोन वाघ घडवले होते. इजिप्त आणि पॅलेस्टाईनमधे पडलेल्या जवळपास ४ हजार हिंदी सैनिकांचं ते स्मारक. १९६७ नंतरच्या इजिप्त-इस्रायल लढायांत ते उद्ध्वस्त झालं. इंडिया गेटजवळच्या छत्रीखालचा पंचम जॉर्जचा पुतळाही जॅगरनेच हाती घेतला होता. तो १९६८ मधे तिथून हलवला. राजा गेला, वाघ गेले, आणि पत्र वाचणारा रेल्वेवाला मात्र रोजच्या गर्दीत उभा आहे.

शंकेखोर आणि वाटसरू, तुमच्यामुळे आणखी एक सांगायचं सुचलं. १४ मे १९१९ ला सेंट पॉल्स कॅथेड्रलमधे फक्त रेल्वे कामगारांसाठी प्रार्थना झाली, राजा हजर होता. त्या वेळच्या यादीत १८,९५७ नावं होती. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात स्वयंसेवकांनी ही यादी आता वाढवत २० हजारांच्या पुढे नेली आहे. नाव, कंपनी, काम काय करत होता, पलटण कोणती.

स्विंडनवासी

उशिरा आलो धाग्यावर. स्विंडनला राहतो म्हणून त्या पेटीबद्दल वाचून बरं वाटलं. इथला कारखाना १९८६ मधेच बंद झाला, आता त्या इमारतींत दुकानं आणि संग्रहालय आहे.

तुम्हाला एक सांगायचं होतं. २०२० मधे कोविडमुळे नोव्हेंबरचे युद्धस्मरणाचे कार्यक्रम होईनात. तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या स्टेशनात पॉपीच्या (युद्धातल्या मृतांच्या स्मरणाच्या लाल) फुलांची चक्रं गाडीत ठेवून पॅडिंग्टनला पाठवली आणि ती त्या शिपायाच्या पायाशी वाहिली. तेव्हापासून दरवर्षी हे होतं. कॉर्नवॉल, डेव्हन, वेल्सकडून पहाटेच्या गाड्या येतात आणि सीटवर माणसाच्या जागी एक चक्र असतं. मी एकदा अशा डब्यात बसून आलो. समोरच्या सीटवर चक्र, त्याला बांधलेली चिठ्ठी. पूर्ण प्रवासात त्या टेबलावर कुणी कॉफीचा कप ठेवला नाही.

११ नोव्हेंबरला येणार असाल तर सांगा, घड्याळाखाली भेटू.

पॉइंट्समनची लेक

येणार. लेकालाही आणते. २०१४ मधे त्या शिपायाला पत्र लिहा असं लोकांना आवाहन केलं होतं, २१ हजारांहून जास्त पत्रं आली होती, हे त्याला मी सांगितलं. तेव्हापासून तोही लिहायला बसलाय. दोन ओळी झाल्यात, दाखवत नाही.

जुना फायरमन

ताई, एक विचारू का? तुमच्या अण्णांच्या त्या जोडीदाराचं नाव काय होतं? इथे लिहून ठेवा.

पॉइंट्समनची लेक

काका, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच आईला फोन लावला. आईला पूर्ण नाव ठाऊक नाही. अण्णा घरात त्यांचा उल्लेख "माझा जोडीवाला" असाच करायचे, गाव वरणगावकडचं होतं एवढं तिला आठवतं. अण्णांच्या ड्यूटीच्या जुन्या वह्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. भाऊ रविवारी घरी जाणार आहे, ट्रंक उघडून बघतो म्हणालाय.